डावीकडची सासू

१

माणसं खोटं बोलतात याबद्दल माझी काही तक्रार नाही. उभा जन्म मी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवला. सगळे खरं बोलले असते तर मला पगार कोणी दिला असता? निवृत्तीनंतर जरा शांतता मिळेल म्हणून या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलो, तर खाली घड्याळवाली.

त्या दिवशी सकाळी तिने जिन्यातूनच हाक मारली. "काका, खाली या. परत आलंय."

दुकानात टेबलावर खोकं उघडं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी एक जुनं लंबकाचं घड्याळ. घड्याळवालीचा हाच धंदा. बंद पडलेली जुनी घड्याळं घ्यायची, खोलून दुरुस्त करायची आणि एका मोठ्या कंपनीच्या मार्फत ऑनलाइन विकायची. दुकानाची पायरी आता कोणीच चढत नाही. जे काही गिऱ्हाईक आहे ते फोनमध्ये.

"मशीन बघा," तिने घड्याळाची पाठ उघडून माझ्यापुढे धरली. "पेटी माझी, तबकडी माझी, काटे माझे. आतलं मशीन माझं नाही! चांगलं काढून घेतलं, भंगारातलं बसवलं आणि वर म्हणतात, तुम्हीच बंद घड्याळ पाठवलंत, पैसे परत करा."

ही तिसरी वेळ होती. गिऱ्हाइकांची नावं वेगळी, पत्ते वेगळे, फसवण्याची रीत एकच. कंपनीने कळवलं होतं की परवापर्यंत पुरावा दिला नाहीत तर तुमचं खातं कायमचं बंद.

खातं बंद म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिचे वडील या जागेत घड्याळं दुरुस्त करायचे. जाताना ते वकिलाकडून पक्कं करून गेले होते: या जागेत घड्याळाचं काम चालू आहे तोवर जागा मुलीची. काम बंद पडलं की जागा विकायची आणि दोन्ही मुलांत वाटणी करायची. पुढे दुकान, मागे एक खोली. त्या खोलीत ती आणि तिची आई राहत. वाटणीत जे हातात येईल त्यातून तिला डोक्यावर छप्पर मिळणार नव्हतं, आणि दुसरं काम तिला येत नव्हतं. लग्न तिने केलं नव्हतं. वडिलांचे डोळे अधू झाले तेव्हापासून त्यांच्या जागी तीच बसत आली होती.

"अगं, पण आपली खूण आहे ना?" मी म्हटलं. "या मशीनवर खूण नाही म्हणजे हे तुझं नाही. संपला प्रश्न!"

"तीच तर पंचाईत झालीय, काका."

तिने बॅटरी पेटवली आणि मशीनच्या मागच्या पट्टीच्या आत, एरवी कोणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात उजेड टाकला.

तिथे लाल ठिपका होता.

२

आता ही खूण माझीच कल्पना. पहिल्यांदा फसली तेव्हा ती रडकुंडीला आली होती. मी तिला म्हटलं, रडून काय होणार? विकणाऱ्याने असं वागायचं की समोरचा चोरच आहे. खोकं भरताना, चिकटपट्टी लावताना व्हिडिओ काढ. वजनाच्या काट्यावर ठेवून फोटो घे. माल पोचल्यावर सही घेतल्याशिवाय द्यायचा नाही असं कुरिअरला बजाव. आणि मशीनवर तुझ्यापुरती एक खूण कर. ती व्हिडिओत दाखवायची नाही, कोणाला सांगायची नाही. वेळ आली की कंपनीलाच सांगायची.

तिने सगळं अक्षर न अक्षर पाळलं. स्वतःच्या नखांना कधी रंग न लावणाऱ्या बाईने त्यासाठी लाल नेलपॉलिशची बाटली आणली. दुसऱ्या वेळी मशीन बदलून आलं तेव्हा कंपनीला ती गुप्त खूण कळवली. कंपनीने गिऱ्हाइकाकडून फोटो मागवला. त्यात ठिपका होता! आपल्याच खुणेने आपल्यालाच खोटं पाडलं. आणि आता पुन्हा तेच.

"ठिपका कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि तुम्हाला. बस." ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या जागी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता, म्हणून मला राग आला नाही.

"व्हिडिओ कोण काढतं?"

"फोन आई धरते. पण ठिपका मी आधीच लावून ठेवते. व्हिडिओत तो येतच नाही."

मी तक्रार वाचायला मागितली. तिने फोन पुढे केला. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं: 'घड्याळ थोडा वेळ चालून बंद पडतं. डावीकडची सासू घासली आहे. भंगार माल चांगला म्हणून विकला आहे.'

मला हसू फुटलं. "डावीकडची सासू! या फोनवर लिहायला जावं एक आणि उमटतं भलतंच. काय लिहायचं होतं कोण जाणे."

घड्याळवाली हसली नाही. "मेल्याला सासू-सुनेतला फरक कळत नाही आणि निघालाय तक्रार करायला," ती म्हणाली आणि मशीन पुसायला लागली.

बाई वैतागात विनोद करतेय असं मी समजलो. मी काही घड्याळजी नव्हे.

तेवढ्यात कुरिअरवाला दुसरं पार्सल न्यायला आला. मी त्याला फैलावर घेतलं. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चिकटपट्टी बघा. जाताना या बाईंची, येताना गिऱ्हाइकाची. दोन्ही धड आहेत. मधे मी कुठे आलो? आणि मला हे असलं उघडून परत जोडता आलं असतं तर मी पाठीवर ओझी वाहिली असती का?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ज्याने कोणी हे केलं त्याला मशीन काढता येत होतं, दुसरं बसवता येत होतं आणि ठिपका कुठे आहे तेही माहीत होतं. मशीनचा जाणकार म्हटल्यावर एकच माणूस डोळ्यांपुढे आला. बदललेलं मशीन पिशवीत घालून मी त्याच्याकडे निघालो.

३

घड्याळवालीच्या वडिलांचा हा जुना भागीदार. वेगळा झाला तो भांडूनच. त्याचं दुकान दोन रस्ते पलीकडे होतं, आणि तोही ऑनलाइन घड्याळं विकतो असं ऐकून होतो. तिचं खातं बंद पडलं तर तिचं गिऱ्हाईक आयतं याच्या पदरात पडणार होतं.

दुकानात गेलो तर सगळीकडे चष्म्याच्या फ्रेमा टांगलेल्या.

"घड्याळं केव्हाच सोडली," भागीदार म्हणाला. "ऑनलाइनवर मलाही असेच भेटले. घड्याळ घेतात, परत म्हणून दगड पाठवतात, आणि कंपनी म्हणते गिऱ्हाईक कधी खोटं बोलत नाही! मी आपला गाशा गुंडाळला. चष्म्यात बरं असतं. नाकावर बसतोय की नाही ते समोरासमोर कळतं."

म्हणजे याला फायदा काहीच नव्हता. तरी आलोच आहे तर बघून घ्यावं म्हणून मी पिशवीतलं मशीन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मशीन दोन-चार वेळा फिरवलं.

"भंगार आहे. हा दात बघा, पार घासलाय. घड्याळ थोडं चालेल आणि थांबेल."

घासलाय. मी एकदम सावध झालो. गिऱ्हाइकाने तक्रारीत जे लिहिलं होतं, तेच हा म्हणत होता. म्हणजे तक्रारीत चुकून भलता शब्द उमटला नव्हता.

"या दाताला तुम्ही सासू म्हणता का?" मी विचारलं.

भागीदाराने भिंग काढून माझ्याकडे बघितलं. "कोणाची सासू?"

"तुमच्या धंद्यात. या दाताचं नाव."

"पॅलेट म्हणतात याला. अख्खा बाजार पॅलेट म्हणतो. सासू वगैरे मी जन्मात ऐकलं नाही." मग तो जरा थांबला. "तिच्या बापाला मात्र सवय होती. घरात पोरांना शिकवताना काहीबाही गमतीची नावं ठेवायचा. दुकानात माझ्यासमोर कधी तसं बोलला नाही. गिऱ्हाईक हसेल म्हणायचा."

मी मशीन उचललं आणि त्याने मागवलेला चहा तसाच ठेवून निघालो.

४

"सासू म्हणजे काय?" दुकानात पाय टाकताच मी विचारलं.

घड्याळवालीने माझ्याकडे असं बघितलं जणू मी दरवाजा म्हणजे काय असं विचारतोय. "सासू म्हणजे सासू. हे बघा." तिने दुसरं मशीन स्टँडवर चढवलं. मशीनची पाठ तिच्याकडे होती. "हे दोन दात. या चाकाला आळीपाळीने पकडतात. एकाने सोडलं की दुसरा धरतो, म्हणून चाक एकदम पळत नाही. ही उजवीकडची सासू, ही डावीकडची सून. सासूने सोडलं की सून धरते, सुनेने सोडलं की सासू. दोघी मिळून चाकाला सुखाने फिरू देत नाहीत, असं बाबा म्हणायचे." सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "म्हणून तर म्हटलं, त्या माणसाला धड माहिती नाही. डावीकडे सून असते. सासू डावीकडे कशी घासेल?"

"पोरी, त्याला सासू हा शब्दच कसा माहीत?"

"का? सगळे म्हणतात."

"कोणी म्हणत नाही. बाजारात याला पॅलेट म्हणतात. आत्ताच भागीदाराकडून ऐकून आलो. सासू हा फक्त तुझ्या बाबांचा शब्द."

तिचा हात मशीनवर तसाच राहिला. लहानपणापासून जो शब्द तिने श्वासासारखा वापरला, तो तिच्या घराबाहेर कुठे नव्हताच, हे तिला त्या क्षणी कळत होतं. तिचा चेहरा मला बघवेना.

"हा शब्द माहीत असलेलं आणखी कोण आहे?" मी विचारलं.

मागच्या खोलीचा पडदा हलला. तिची आई चहाचे कप घेऊन उभी होती. म्हातारी कृश, पण आवाज खणखणीत.

"माझ्या बाळला यात ओढू नका, भाऊजी," ती म्हणाली.

मी बाळचं नाव घेतलं नव्हतं. कोणीच घेतलं नव्हतं.

५

बाळ म्हणजे घड्याळवालीचा धाकटा भाऊ. डोक्यावर टक्कल पडलं तरी घरात बाळच. वडिलांमागे त्या जागेवरून बहीण-भावात बिनसलं आणि तेव्हापासून त्याने दुकानाचा उंबरठा ओलांडला नव्हता. आई मात्र दर रविवारी त्याच्याकडे जाऊन येई.

मी तडक त्याच्या घरी गेलो. घर लहान होतं. बाहेरच्या खोलीत सोफा, त्यावर कपड्यांचा ढीग. त्याच्या बायकोने ढीग बाजूला सारून मला जागा केली. बाळने मात्र मला बसाही म्हटलं नाही.

"ताईने पाठवलं का? मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, काका. मी आपला नोकरीवाला माणूस."

"मग राहू दे," मी म्हटलं आणि मशीन काढून टीपॉयवर ठेवलं, मुद्दाम पुढची बाजू त्याच्याकडे करून. "नुसतं एवढंच सांग, याच्यातली सासू कुठली?"

सवय ही मोठी चुगलखोर. त्याने मशीन उचललं, पाठ आपल्याकडे वळवली आणि उजव्या दातावर बोट ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बोट मागे घेतलं.

"लहानपणी बाबांच्या शेजारी बसायचो," तो पुटपुटला. "तेवढंच."

"म्हणजे मशीन काढता-घालता येतं. बरं. आणि सासू कुठे असते?"

"उजवीकडे. ताईला विचारा."

"विचारलं. तीही उजवीकडेच म्हणते. तुम्ही दोघं बाबांच्या शेजारी बसून शिकलात. मशीनची पाठ बाबांकडे, म्हणून तुमची सासू उजवीकडे. मग तक्रारीत डावीकडची सासू कुठून आली?"

बाळने मशीन टीपॉयवर परत ठेवलं. पण त्याच्या बायकोला राहवलं नाही. तिला बिचारीला वाटलं की सगळं खापर तिच्यावर फुटतंय.

"मला काय माहीत डावी-उजवी! फोनवर आई म्हणाल्या, लिही, डावीकडची सासू घासली आहे, तसं मी लिहिलं. मला आधी वाटलं स्वतःबद्दलच सांगताहेत."

बाळने कपाळावर हात मारून घेतला आणि बाकीचंही कबूल केलं.

६

बाळच्या घरून मी सावकाश चालत परत आलो. दावे तपासताना मी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली, की खरं काय ते कळू दे. त्या दिवशी मात्र कळलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुकानात घड्याळवाली टेबलाशी होती. आई समोरच्या बाजूला, नेहमीच्या लाकडी खुर्चीवर. मी आलो म्हणून ती उठायला लागली.

"बसा वहिनी. तुमची खुर्ची पहिल्यापासून इथेच का?"

"इथेच. आमचे हे काम करायचे, मी समोर बसायचे. भाजी निवडायची, गप्पा मारायच्या."

मी स्टँडवरच्या मशीनकडे बोट केलं. पाठ घड्याळवालीकडे, तोंड आईकडे. "इथून सासू कुठल्या बाजूला दिसते?"

म्हातारीने मशीनकडे बघितलं. मग तिने हात उचलला आणि आपल्या डाव्या बाजूला दाखवलं. मी कशासाठी विचारतोय हे तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. लपवून लपवून ती दमली होती.

घड्याळवालीने एकदा त्या बोटाकडे बघितलं, एकदा आईकडे.

मी सांगून टाकलं. थोडक्यात सांगितलं, कारण लांबवण्यात क्रूरपणा होता. मशीन बदललं बाळने. वडिलांचं जुनं भंगार त्याच्याकडे पडलं होतंच, आणि त्यातलं कुठलं कशाने बिघडलं ते समोर बसणाऱ्या आईला ठाऊक होतं. गिऱ्हाईक म्हणून नावं लावली ती त्याच्या बायकोच्या माहेरच्या माणसांची. पण बाळला ठिपका माहीत असणं शक्य नव्हतं, तो इथे येतच नाही. ठिपका लावला जायचा तेव्हा या खोलीत दोनच माणसं असायची. एक लावणारी, आणि दुसरी व्हिडिओसाठी फोन हातात घेऊन तयार बसलेली. कोणाकोणाला माहीत आहे असं मी विचारलं तेव्हा घड्याळवालीने तिला मोजलंही नव्हतं. आईला कोण मोजतं?

"आई?" घड्याळवाली म्हणाली. नुसतं तेवढंच.

"बाळ म्हणाला, जागा विकली गेली की मोठं घर घेतो," आई मशीनकडे बघत बोलत होती. "त्यात मला खोली देतो म्हणाला. माझी स्वतःची. आत्ता त्याच्याकडे जागा नाही, तो तरी काय करणार?"

"इथे तुला काय कमी होतं गं?"

"काही नाही. तू कधी काही कमी केलं नाहीस." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "पण लोक विचारतात. मुलगा असून मुलीकडे का राहता? काय सांगू? माझा शेवट मुलाच्या घरी व्हावा असं वाटतं. लेकीच्या दारात नको."

"आणि मी? जागा गेल्यावर मी कुठे जायचं होतं?"

आईने आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तुझं काय, तू हुशार आहेस. तू काहीतरी केलं असतंस."

मी तिथून उठलो. मला संताप आला होता, आणि त्या म्हाताऱ्या बाईवर ओरडायचा मला काही अधिकार नव्हता.

७

बाळला मी दुसऱ्या दिवशी गाठलं. पोलिस, कोर्ट, बायकोच्या माहेरची नावं, सगळं त्याच्यापुढे मांडलं. विम्याच्या नोकरीत घाबरवायला मी बऱ्यापैकी शिकलो होतो. संध्याकाळच्या आत तिन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या, आणि तिन्ही चांगली मशीनं एका पिशवीत घालून त्याने इमारतीच्या फाटकाशी आणून ठेवली. खातं वाचलं. कंपनीने घड्याळवालीला आभाराचा निरोप पाठवला आणि सोबत फसवणुकीपासून सावध कसं राहावं याच्या सूचना. तिने त्या मला वाचून दाखवल्या. अनोळखी गिऱ्हाइकावर विश्वास ठेवू नका, असं पहिलंच वाक्य होतं. 

आई बाळकडे गेली नाही. घड्याळवालीने जायला सांगितलं होतं, कपडेही भरून दिले होते. पण बाळने फोनवर सांगितलं की आता जागा विकली जाणार नाही म्हटल्यावर मोठ्या घराचं जमणार नाही, आणि असलेल्या घरात जागा आहेच कुठे. घड्याळवालीने पिशवी परत उघडली आणि आईचे कपडे कपाटात लावले. दोघींचं जेवण अजून एकत्रच होतं. आईच्या औषधांच्या वेळा अजून तीच पाळते.

फोन आता ती एका लोखंडी स्टँडवर लावते. ठिपक्याची जागाही बदलली आहे. कुठे, ते मीसुद्धा विचारलं नाही.

सकाळी फिरून येताना मला ती म्हातारी दिसते. दुकानाचं दार बंद असतं आणि ती बाहेर, जिन्यापाशी, आपल्या त्याच लाकडी खुर्चीवर बसलेली असते. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, वहिनी, इथे का?

"ती खूण करतेय," म्हातारी म्हणाली. "मला म्हणाली, आई, जरा बाहेर बस."

कालही बसली होती. मी जिना चढत असताना तिने मला थांबवलं. "झालं असेल का हो तिचं, भाऊजी? गार लागतंय."

"होईल इतक्यात," मी म्हटलं.

आतून कडी निघाल्याचा आवाज आला. दार किलकिलं झालं आणि घड्याळवाली म्हणाली, "ये आत." म्हातारी उठली, तिने आपली खुर्ची उचलली आणि ती आत गेली.